आधी सामना ठरवा, मग संघ: सर्वकालीन अकरा कसे निवडावेत

सर्वकालीन संघ निवडायला बसलेली मंडळी बहुतेक वेळा अकरा थोर खेळाडूंची यादी करून उठतात. सहा फलंदाज आवडते म्हणून, चार गोलंदाज नावाजलेले म्हणून, आणि शेवटी लक्षात येतं की यष्टिरक्षक राहिला. मग वाद सुरू होतो. आजोबा म्हणतात सुभाष गुप्तेसारखा लेगस्पिनर झाला नाही, नातू म्हणतो त्यांचा एक तरी व्हिडिओ दाखवा. ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर म्हणा, घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये म्हणा, हा वाद रात्री उशिरापर्यंत चालतो आणि हाती काही लागत नाही.

लागू शकतं. निवड करायची एक रीत आहे आणि ती पाळली तर वाद उरतो, पण तो मुद्द्याचा होतो. ही रीत इथे पायरी-पायरीने लिहितो आहे. गणपतीतल्या एखाद्या मोकळ्या संध्याकाळी सोसायटीत करून पाहण्याजोगी आहे.

पहिली पायरी: सामना कुठे, कधी, कोणाशी

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. 'भारताचा सर्वकालीन संघ' असं म्हणून बसलात की प्रश्नच अर्धवट राहतो. कोणत्या मैदानावर? कोणत्या महिन्यात? समोर कोण? निवड समितीला हे माहीत नसेल तर ती तिसरा फिरकी गोलंदाज घ्यायचा की चौथा वेगवान, हे ठरवूच शकत नाही.

म्हणून कागदावर पहिली ओळ अशी लिहा: 'पाच दिवसांची कसोटी, वानखेडे, डिसेंबर, भारताचा सर्वकालीन संघ विरुद्ध शेष विश्व.' किंवा: 'इंग्लंडमधलं हेडिंग्ले, मे महिना, ढगाळ हवा.' बस्स, एवढंच. या एका ओळीने पुढचे निम्मे तंटे मिटतात.

वानखेडे म्हटलं की लाल माती आली. चेंडूला उसळी मिळते, सकाळी समुद्राकडच्या हवेत थोडा स्विंग असतो आणि पुढे फिरकी गोलंदाजांची चलती होते. इथे २०१२ मध्ये इंग्लंडच्या माँटी पानेसरने सामन्यात ११ बळी घेतले, २०२१ मध्ये एजाज पटेलने एका डावात सगळेच्या सगळे १०, ११९ धावांत. पण याच मैदानावर १९८० मध्ये इयान बोथमने शतक ठोकून वर १३ बळी घेतले होते. म्हणजे दर्जेदार स्विंग गोलंदाजालाही इथे वाव आहे. मैदानाची अशी माहिती आधी सगळ्यांनी मिळून काढायची, मग नावांकडे वळायचं.

दुसरी पायरी: कोण पात्र, हे लिहून काढा

नियम आधी ठरले नाहीत तर प्रत्येकजण आपल्या लाडक्या खेळाडूसाठी ते वाकवतो. चार प्रश्नांची उत्तरं लेखी हवीत.

एक, किमान किती कसोटी? हा नियम दिसतो साधा, पण फार घात करतो. 'किमान २० कसोटी' म्हटलंत तर जॉर्ज हेडली (२२ कसोटी, सरासरी ६०.८३) आणि ग्रॅमी पोलॉक (२३ कसोटी, ६०.९७) कसेबसे आत येतात. बॅरी रिचर्ड्‌स बाहेर, कारण वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार पडला आणि त्याच्या वाट्याला चारच कसोटी आल्या. आणि आपले विजय मर्चंटही बाहेर, कारण ते १९३३ ते १९५१ या काळात फक्त १० कसोटी खेळले. त्यात त्यांचा काय दोष? भारत १९३६ नंतर थेट १९४६ मध्ये कसोटी खेळला, मधली दहा वर्षं गेली. म्हणून मी सामन्यांची अट घालत नाही. प्रथम श्रेणीचं दहा वर्षांचं क्रिकेट आणि किमान एक कसोटी, एवढं पुरे. प्रथम श्रेणीत मर्चंट यांची सरासरी ७१.६४ आहे, त्यांच्या वर फक्त ब्रॅडमन.

दोन, अजून खेळणारे चालतील का? माझं मत, चालतील, पण आजवर जे केलं तेवढंच मोजायचं. पुढे काय करतील याचा अंदाज धरायचा नाही.

तीन, साधनं कोणती? सगळ्यांना आजचं हेल्मेट, आजची बॅट, आजचे नियम. खेळाडू आपलं कौशल्य घेऊन येतो, आपल्या काळातल्या गैरसोयी नाही.

चार, खेळाडू कोणत्या वयाचा घ्यायचा? त्याच्या उत्तम चार-पाच वर्षांतला. हे ठरलं की सोळा वर्षांचा सचिन की चाळिशीचा, असले प्रश्न उरत नाहीत.

तिसरी पायरी: काळाचे तुकडे पाडा

दीडशे वर्षं एका पोत्यात भरू नका. मी असे तुकडे करतो: पहिल्या महायुद्धापर्यंत, दोन युद्धांच्या मधला, १९४६ ते १९७०, १९७० ते १९९१, १९९२ ते २००७ आणि त्यानंतरचा. या सीमारेषा उगाच ओढलेल्या नाहीत. पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना जानेवारी १९७१ मध्ये मेलबर्नला झाला, १९७७ मध्ये केरी पॅकरचं बंडखोर क्रिकेट आलं आणि त्याच सुमारास हेल्मेट. १९९१-९२ मध्ये दक्षिण आफ्रिका परतली. २००८ मध्ये आयपीएल आलं, पंचांच्या निर्णयाचा फेरविचारही त्याच वर्षी भारत-श्रीलंका मालिकेत प्रथम अजमावला गेला. प्रत्येक वेळी खेळच बदलला.

प्रत्येक तुकड्यातून आधी पंधरा-वीस नावांची लांब यादी करा. ज्येष्ठांकडे जुने दोन तुकडे द्या, तरुणांकडे नवे दोन, आणि मधले दोन उलटे वाटा: तरुणांनी पन्नासचं दशक वाचून यायचं, ज्येष्ठांनी ऐंशीचं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे. जुन्या क्रिकेटबद्दल वाचायचं तर अशा वाचनालयासारखी जागा नाही. आकड्यांसाठी मोबाइलवर क्रिकइन्फो या संकेतस्थळाचं स्टॅट्सगुरू पुरेसं आहे.

चौथी पायरी: तुलना त्याच काळातल्या माणसांशी

इथे घाई करू नका, सगळी मेख इथेच आहे. १८९० ची सरासरी २०१० च्या सरासरीशेजारी ठेवून काही कळत नाही. खेळाडू आपल्या सोबतच्यांपेक्षा किती पुढे होता, एवढंच विचारा.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. इंग्लंडचा जॉर्ज लोमन: १८ कसोटी, ११२ बळी, सरासरी १०.७५ (गोलंदाजाची सरासरी म्हणजे दर बळीमागे दिलेल्या धावा, जितकी कमी तितकी चांगली). नुसता आकडा पाहिला तर माल्कम मार्शल (२०.९४) त्याच्यापुढे निम्म्याने कमी वाटतो. पण लोमनच्या काळातले बाकीचे पाहा. ऑस्ट्रेलियाचा चार्ली टर्नर १६.५३, बॉबी पील १६.९८, जॉनी ब्रिग्ज १७.७५. म्हणजे त्या खेळपट्ट्यांवर चांगल्या गोलंदाजाची सरासरीच सोळा-सतरा असायची. लोमन त्यांच्याही पुढे आहे, पण दुप्पट नाही.

आता दुसरी चाळणी लावा, प्रतिस्पर्धी कोण होता? १८९५-९६ मध्ये लोमनने दक्षिण आफ्रिकेत तीन कसोटींत ३५ बळी घेतले, सरासरी ५.८०. तेव्हाचा दक्षिण आफ्रिकेचा संघ अगदी कच्चा होता. ते ३५ बाजूला काढले तर ७७ बळी उरतात आणि सरासरी १३ च्या आसपास येते. ब्रिग्जलाही हीच चाळणी लावावी लागेल, त्याने केपटाउनला १८८९ मध्ये याच संघाचे १५ गडी २८ धावांत कापले होते. एवढं करून लोमन आपल्या काळातला सर्वश्रेष्ठ ठरतोच, पण 'इतिहासातला सर्वश्रेष्ठ' हे बिरूद आकड्यावरून आपोआप मिळत नाही, हे सगळ्यांना दिसतं.

आता मार्शलकडे या. त्याचे समकालीन कोण? गार्नर २०.९७, हॅडली २२.२९, इम्रान २२.८१, बोथम २८.४०, कपिल २९.६४. ही वेगवान गोलंदाजीची सोन्यासारखी पिढी होती आणि तीत तो सगळ्यांत पुढे आहे. माझ्या लेखी हे लोमनपेक्षा अवघड काम आहे.

हीच चाळणी मुरलीधरनला लावली की काही लोक चिडतात, पण लावायला हवी. त्याच्या ८०० पैकी १७६ बळी झिम्बाब्वे आणि बांगलादेशचे आहेत. ते काढल्यावरही ६२४ उरतात आणि सरासरी २५ च्या आतच राहते. चाळणी लावूनही तो टिकला, म्हणजे त्याचं मोठेपण आता नीट सिद्ध झालं.

फलंदाजांत ब्रॅडमनचा प्रश्न या रीतीने एका मिनिटात सुटतो. ९९.९४ हा आकडा सोडा, शेजारचे पाहा: हेडली ६०.८३, सटक्लिफ ६०.७३, हॅमंड ५८.४५. त्याच खेळपट्ट्या, तेच गोलंदाज, आणि पुढच्या माणसापेक्षा जवळपास चाळीस धावा जास्त. दुसऱ्या कोणत्याही काळात पहिल्या आणि दुसऱ्या फलंदाजात एवढी दरी नाही. फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकण्याच्या 'बॉडीलाइन' मालिकेत त्याला खास बेत आखून रोखलं, तरी सरासरी ५६.५७ राहिली.

पूर्वी खेळपट्टी पावसातही न झाकता उघडी ठेवत. त्याचा अर्थ तरुणांना समजत नाही, तेव्हा त्यांना कांगा लीगची आठवण करून द्या. १९४८ पासून मुंबईत ही स्पर्धा ऐन पावसाळ्यासाठीच आखलेली, झाकण नसलेल्या ओल्या खेळपट्टीवरची. तिथल्या पन्नास धावांना इतरत्रच्या शतकाची किंमत, असं मुंबईचे जुने खेळाडू सांगत आले. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरही बरीच वर्षं कसोटीची खेळपट्टी सामना चालू असताना पावसात भिजायची आणि मग उन्हात वाळताना चेंडू काय वाटेल ते करायचा. जॅक हॉब्सची ५६.९४ ही सरासरी तशा दिवसांतली आहे, हे ध्यानात ठेवूनच ती वाचायची.

नियमांचंही भान हवं. १९३५ पर्यंत ऑफ स्टंपच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत देता येत नसे, त्यामुळे त्या काळच्या ऑफस्पिनरला आजच्यासारखे बळी मिळणं शक्य नव्हतं. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत षटक आठ चेंडूंचं होतं, म्हणून षटकांवरून तुलना न करता चेंडू मोजा.

देशांतर्गत आकड्यांना तीच शिस्त. रणजी स्पर्धेत मर्चंट यांची सरासरी ९८.७५ आहे. ऐकून डोळे विस्फारतात, पण तो काळ भारतात धावांच्या डोंगरांचा होता. हजारे आणि गुल महंमद यांनी १९४७ च्या अंतिम सामन्यात ५७७ धावांची भागीदारी केली, भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये नाबाद ४४३ काढल्या. म्हणून मर्चंट यांच्या ७१.६४ शेजारी हजाऱ्यांची प्रथम श्रेणीतली ५८.३८ ही सरासरी ठेवा. दोघेही त्याच खेळपट्ट्यांवर खेळले आणि तरी अंतर तेरा धावांचं आहे. असं मोजल्यावर मर्चंट यांच्याबद्दल बोलायला भक्कम आधार मिळतो.

पाचवी पायरी: नावं नव्हे, जागा भरा

अकरा चौकोन काढा आणि प्रत्येकात काम लिहा. सलामीचे दोन, तिसऱ्या क्रमांकावर पाय रोवणारा, चौथ्यावर सर्वोत्तम फलंदाज, पाचवा, सहाव्यावर अष्टपैलू, यष्टिरक्षक, आणि चार गोलंदाज. मग पहिल्या चौकोनापासून नव्हे, सहाव्या-सातव्यापासून सुरुवात करा. संघाचा तोल तिथे ठरतो. सहावा माणूस खरा गोलंदाज असेल तर पाच गोलंदाज मिळतात. सातवा माणूस पन्नाशीच्या सरासरीने धावा करणार असेल तर आठव्याला फलंदाजी आली नाही तरी चालतं.

यष्टिरक्षकाबाबत एक सापळा आहे. कुमार संगकाराची कसोटी सरासरी ५७.४० बघून त्याला ग्लोव्ह्ज देऊ नका. यष्टिरक्षण करताना त्याची सरासरी चाळिशीच्या आसपास आहे, ग्लोव्ह्ज काढल्यावर ६६ च्या वर. स्टॅट्सगुरूत यष्टिरक्षक म्हणून खेळलेले सामने वेगळे काढता येतात, ते काढूनच बोला.

वानखेडेसाठी भारताचा संघ मी असा बांधतो. सहाव्या जागेवर विनू मंकड. रवींद्र जडेजाचे आकडे त्यांच्यापेक्षा सरस आहेत आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पण १९५२ मध्ये लॉर्ड्‌सवर एकाच कसोटीत ७२ आणि १८४ धावा आणि डावात पाच बळी, त्याच वर्षी मद्रासला १२ बळी घेऊन भारताचा पहिला कसोटी विजय, आणि गरज पडली तर सलामी: हे सगळं एका माणसात मिळतं. पंकज रॉय यांच्याबरोबरची ४१३ धावांची सलामी पन्नासहून अधिक वर्षं विश्वविक्रम होती.

मंकड सहावे, कपिल देव आठवा आणि सहा कसोटी शतकं करणारा आश्विन नववा, अशी फलंदाजी खोल झाली की यष्टिरक्षक निवडायला हात मोकळा होतो. तीन फिरकी गोलंदाज खेळवायचे तर स्टंपजवळ उभं राहणारा पक्का माणूस हवा. म्हणून धोनी आणि पंत यांच्या धावा जास्त असूनही मी सय्यद किरमाणीला घेतो. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या चौघांना सांभाळलेले हात आहेत ते. हेडिंग्लेला हीच निवड मी फिरवेन.

सलामीला गावस्कर ठरलेले. सोबत वानखेडेवर सेहवाग. त्याने मुंबईतच, ब्रेबॉर्नवर २००९ मध्ये श्रीलंकेविरुद्ध २९३ काढल्या आणि पहिल्या दिवशी चहापानापर्यंत सामना फिरवण्याची ताकद दुसऱ्या कोणात नाही. हेडिंग्लेला मात्र मर्चंट. १९३६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ११४, १९४६ मध्ये ओव्हलवर १२८, इंग्लंडमधला असा सलामीवीर सोडायचा नाही. तिसरा द्रविड, चौथा तेंडुलकर. पाचव्या जागेवर विश्वनाथ, लक्ष्मण, हजारे अशी रांग लागते. मी कोहलीला घेतो, वानखेडेवरच्या २३५ धावांमुळे. उरलेले दोन: कुंबळे आणि बुमराह. बुमराहने २०२४ मध्ये २०० बळी पूर्ण केले तेव्हा त्याची सरासरी विसाच्या आत होती आणि हे आजवर कोणालाही जमलेलं नाही. बेदी बाहेर राहतात, याची मला रुखरुख आहे. पण मंकड डावखुरी फिरकी टाकतात, त्यामुळे ती जागा भरलेली आहे.

सहावी पायरी: समोरचा संघ तुमच्या संघाकडे बघून

शेष विश्व निवडताना पहिली पायरी विसरायला होते. वॉर्न आला, मुरली आला, पाँटिंग आला, झालं! पण सामना मुंबईत आहे. भारतात वॉर्नची सरासरी ४३.११, मुरलीधरनची ४५.४५. पाँटिंगने भारतातल्या १४ कसोटींत २६.४८ ने धावा केल्या. डेनिस लिली भारतात एकही कसोटी खेळला नाही. नाव कितीही मोठं असो, या मैदानासाठी त्यांच्यापेक्षा चांगले लोक आहेत.

गोलंदाजीत मार्शल, ज्याने १९८३-८४ च्या सहा कसोटींत भारतात ३३ बळी घेतले. त्याच्याबरोबर डावखुरा अॅलन डेव्हिडसन, १९५९-६० मध्ये पाच कसोटींत २९, शिवाय फलंदाजीही येते. फिरकीसाठी डेरेक अंडरवूड, १९७६-७७ च्या मालिकेत २९ बळी, आणि सकलेन मुश्ताक, ज्याने १९९९ मध्ये चेन्नई आणि दिल्ली या दोन कसोटींत मिळून २० बळी घेतले. हेडली व्हेरिटीचं नाव अंडरवूडच्या तोडीस तोड आहे. १९३३-३४ मध्ये, भारतातल्या पहिल्याच मालिकेत, त्याने तीन कसोटींत २३ बळी टिपले होते. तुमच्या समितीने त्याला घेतलं तर माझी हरकत नाही.

यष्टिरक्षक म्हणून जवळपास प्रत्येकजण गिलख्रिस्ट लिहितो. वानखेडेवर त्याचं २००१ चं १२२ धावांचं शतक आहेच, पण भारतातली त्याची एकूण सरासरी तिशीच्याही खाली आहे. आता झिम्बाब्वेचा अँडी फ्लॉवर पाहा: भारतात पाच कसोटी, ८२० धावा, सरासरी ११७.१४. त्यातल्या ५४० धावा २००० च्या दौऱ्यात दोन कसोटींत, यष्टिरक्षण सांभाळून. एका दुबळ्या संघाचा हा माणूस कुठल्याच यादीत येत नाही आणि या सामन्यासाठी तोच योग्य आहे. रीत पाळण्याचा फायदा मला इथे सर्वांत जास्त जाणवतो.

जे भारतात खेळलेच नाहीत त्यांचं काय? दुसरीकडचा पुरावा शोधा. हॉब्सने १९०९-१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत मॅटिंगवर (चटईच्या खेळपट्टीवर), गुगली टाकणाऱ्या गोलंदाजांसमोर ५३९ धावा केल्या. ब्रॅडमनने १९४७-४८ मध्ये भारताविरुद्ध, मंकड समोर असताना, पाच कसोटींत ७१५ धावा काढल्या. पुरावा म्हणून एवढं पुष्कळ आहे. हॉब्सबरोबर हेडन, ज्याने २००१ मध्ये भारतात तीन कसोटींत ५४९ धावा केल्या. चौथा एव्हर्टन वीक्स, १९४८-४९ च्या मालिकेत ७७९ धावा, त्यात मुंबईच्या १९४. सहावा सोबर्स, त्यावर कोणी भांडत नाही.

पाचव्या जागेवर मोठी चुरस. वानखेडेवरच्या पहिल्याच कसोटीत, जानेवारी १९७५ मध्ये, क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ काढल्या. ठाण्याहून लोकल पकडून, दादरला गाडी बदलून तो सामना बघायला गेलेली माणसं अजून आहेत आणि ती लॉइडचंच नाव घेतात. पण समोर आश्विन आहे. डावखुऱ्यांना बाद करण्यात कसोटी इतिहासात त्याच्या पुढे कोणी नाही. हेडन, सोबर्स, फ्लॉवर आणि डेव्हिडसन हे चार डावखुरे आधीच आहेत, पाचवा नको. म्हणून व्हिव्ह रिचर्ड्‌स. १९८३ मध्ये त्यानेही इथे १२० काढल्या होत्या. कर्णधार ब्रॅडमन: २४ कसोटींत १५ विजय, तीनच पराभव.

सातवी पायरी: बैठक कशी चालवायची

सात-आठ जणांची समिती पुरे, जास्त माणसं झाली की गोंगाट होतो. एकजण अध्यक्ष, एकजण फक्त आकडे काढून देणारा, त्याला मत नाही. प्रत्येक वादग्रस्त जागेसाठी दोन नावं, प्रत्येक नावाचा एक वकील, बोलायला तीन मिनिटं. वकिलाने आपल्या खेळाडूची एक उणीव स्वतः सांगायची, हा नियम जरूर ठेवा, चर्चेचा सूर लगेच सुधारतो. मग चिठ्ठीवर गुप्त मतदान. हात वर करून मतदान केलं की धाकटे मोठ्यांकडे बघून हात वर करतात.

समसमान मतं पडली तर अध्यक्षाचं निर्णायक मत. हा अधिकार किरकोळ समजू नका. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी निवड समितीचे अध्यक्ष असलेल्या विजय मर्चंट यांच्या अशाच एका मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले आणि त्या वर्षी भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकल्या.

प्रत्येक निवडीपुढे एका ओळीत कारण लिहून ठेवा. पुढच्या वर्षी मैदान बदलून बसाल तेव्हा कोणत्या कारणाने कोण आत होता हे हाताशी असेल.

एकदिवसीय, टी-२० आणि महिला संघ

एकदिवसीय संघासाठी रीत तीच, फक्त स्ट्राइक रेटही समकालीनांशी ताडून पाहायचा. व्हिव्ह रिचर्ड्‌सचा ९०.२० आज साधा वाटतो; त्याच्या काळात पहिले तीन विश्वचषक साठ षटकांचे होते आणि साठ-पासष्टचा वेग चांगला समजत, तेव्हा तो वाऱ्यासारखा होता. टी-२० चा सर्वकालीन संघ करायला मी फारसा उत्सुक नसतो. पुरुषांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २००५ चा, अजून काळच एक आहे.

महिलांचा संघ मात्र आवर्जून करा, आणि मैदान म्हणून नेरुळचं डी. वाय. पाटील घ्या. २ नोव्हेंबर २०२५ ला तिथेच भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शफाली वर्माच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे पाच बळी अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. त्यामुळेच अडचण होते, ताजी आठवण जुन्यांना ढकलून देते. मिताली राजच्या ७८०५ एकदिवसीय धावा, झूलन गोस्वामीचे २५५ बळी आणि त्याआधी डायना एडुलजींची पिढी, जिला ना पैसा मिळाला ना टीव्ही, यांच्यासाठी चौथी पायरी दुप्पट काळजीने चढा.

मुंबईचा संघ, आणि बारावा खेळाडू

हात बसला की मुंबईचा सर्वकालीन संघ निवडा. हे सर्वांत अवघड आहे. १९५८-५९ पासून सलग पंधरा वेळा रणजी जिंकणारा आणि २०२३-२४ मध्ये बेचाळिसाव्यांदा ती उंचावणारा संघ. गावस्कर आणि मर्चंट सलामीला आले की मंकड सहाव्यावर जातात, वाडेकर, वेंगसरकर, उम्रीगर आणि रोहित शर्मा दोन जागांसाठी भांडतात. पद्माकर शिवलकर यांचा विचार दुसऱ्या पायरीवरच व्हायला हवा. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, पण बेदी असल्याने कसोटी एकही नाही. मुंबईच्या संघासाठी मी 'किमान एक कसोटी' ही अट काढून टाकतो. नाहीतर निवडीला अर्थ नाही.

बाराव्या खेळाडूसाठी एकच निकष ठेवा, क्षेत्ररक्षण. फलंदाजाच्या अगदी जवळ, फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभे राहणारे एकनाथ सोलकर: २७ कसोटी, ५३ झेल, आणि १९७१ मध्ये ओव्हलवर वेंकटराघवनच्या गोलंदाजीवर घेतलेला अॅलन नॉटचा तो झेल. मुंबईत बसलेल्या समितीत यावर मतदानसुद्धा होत नाही. ठाण्यात मात्र होतं, कारण इथे खंडू रांगणेकरांचं नाव पुढे येतं. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तीन कसोटी खेळलेले, चपळ क्षेत्ररक्षक, बॅडमिंटनमध्येही तितकेच तरबेज. दादोजी कोंडदेव क्रीडांगणाजवळचा बॅडमिंटन हॉल त्यांच्याच नावाचा आहे. खेळायला जाणाऱ्या मुलांना ते कोण हे ठाऊक नसतं. त्यांची बाजू मांडायला समितीतल्या सर्वांत धाकट्या सभासदाला वकील करा आणि तयारीला आठवडा द्या.